‘मित्राची गोष्ट’ वर्गात वाचताना

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. सुमित्रा ऊर्फ मित्रा या महाविद्यालयीन तरुणीला मुलीविषयीच ओढ वाटते. बापू या मित्रापाशी ती मन मोकळे करते. तिची घुसमट नाटकात नेमकी उतरली आहे. अडचण शेवटाची. मित्रा आत्महत्या करते आणि ‘अशांचे असेच होणार’ असा समज विद्यार्थ्यांच्या मनात राहू शकतो. म्हणून वसई-विरारच्या एखाद्या वर्गात हे नाटक वाचताना शिक्षकांनी पुढचेही सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता रोगांच्या यादीतून वगळली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. आपल्या वर्गातही एखादी मित्रा असेल. तिचे ऐकून घेणारा बापू तिला हवाच. पण चिडवणाऱ्यांना वेळीच थांबवणारे शिक्षकही हवेत. नाटकात नेमके तेच कोणी नाही.