सुश्रुताच्या वीस चुका

मेहरूण तलावावर फिरताना आजीनं मोबाइल पुढे केला. रील सांगत होती, अशुद्ध रक्त काढा, गुडघेदुखी विसरा, आधार सुश्रुताचा. घरी येऊन मी सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातला 8वा अध्याय वाचला. विषय शिरावेध, म्हणजे शीर टोचून रक्त काढणं. सुरुवातच कुणाची शीर टोचू नये इथून होते: बालक, वृद्ध, गर्भिणी, अशक्त. पुढे वेध चुकण्याचे 20 प्रकार मोजलेत. शिरा माशांसारख्या निसटतात, त्यात पूर्ण तरबेज कुणीच नसतो, ही कबुलीही आहे. माझ्या कामात एररची यादी अशीच आधी लिहावी लागते. दूषित रक्ताची त्याची कल्पना आज पटत नाही, पण ही सावधगिरी पटते. रीलनं नेमकी तीच गाळली. आजीनं सत्तरी ओलांडलीय. सुश्रुतानं तिला परत पाठवलं असतं.