‘फाइल अपलोड करते’ एवढ्यावर भागत नाही

वेबपानावरच्या फॉर्ममधून फाइल पाठवायची पद्धत नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्सच्या नेबेल आणि मॅसिंटर यांनी आरएफसी १८६७ या तांत्रिक दस्तऐवजात मांडली. तेव्हापासून अपलोडची माहितीपत्रके लिहिली गेली ती प्रोग्रामरसाठी. त्यात काही राहून गेले तरी तो करून बघे, शेजारच्या टेबलावर विचारी आणि मार्ग काढी. आता वाचणारा बदलला आहे. ओपनएआयने जून २०२३ मध्ये ‘फंक्शन कॉलिंग’ आणले, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकचा एमसीपी (मॉडेलला बाहेरची साधने जोडण्याचा प्रोटोकॉल) आला. दोन्हींत एआय एजंटच्या हाती साधनाचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा तक्ता एवढेच पडते. शंका विचारायला तो सहसा थांबत नाही. सुचेल ते करून मोकळा होतो.

या लेखनाची आजची तब्येत पाहायला एजंटकडून ब्राउझर चालवून घेणाऱ्या, मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइट एमसीपीमधले फाइल अपलोडचे साधन चांगले आहे. वर्णन जेमतेम एका ओळीचे: एक किंवा अनेक फाइली अपलोड करा. खरी माहिती खाली, पॅरामीटरच्या रकान्यात आहे. मार्ग पूर्ण द्या. दिलाच नाही तर फाइल निवडण्याची खिडकी रद्द होईल. रकाना रिकामा ठेवला तर काय होईल हे सांगायचे भान फार थोड्यांना असते, म्हणून याचे कौतुक. पण ती खिडकी आधी उघडलेली असावी लागते ही अट एजंटला चूक केल्यावर कळते. पहिल्या ओळीत जायला हवी होती तीच गोष्ट बाहेर राहिली.

स्लॅकचे उदाहरण वेगळ्या कारणाने बोलके आहे. तिथे एका हाकेत फाइल चढवणारी जुनी पद्धत मोडीत काढली गेली. आता आधी अपलोडचा पत्ता मागायचा, त्यावर फाइल पाठवायची आणि शेवटी काम पूर्ण झाल्याचे कळवायचे. एआय मॉडेल मात्र शिकले आहे ते वर्षानुवर्षे साठलेल्या जुन्या कोडवर. त्यामुळे नवी पद्धत नीट समजावणे पुरत नाही, जुनी वापरू नका हेही ठणकावून लिहावे लागते. माणसांसाठीच्या माहितीपत्रकात अशी वाक्ये उद्धट वाटली असती.

मर्यादांचे आकडे बहुतेक जण देतात. जेमिनीच्या फाइल सेवेत एका फाइलला २ जीबीची मर्यादा आहे आणि ४८ तासांनी फाइल आपोआप पुसली जाते, हे गूगल स्पष्ट सांगते.

दुबळी बाजू आहे ती अपयशानंतरची. जोडणी मध्येच तुटली, उत्तर आले नाही, तर एजंट पुन्हा पाठवणारच. गूगल ड्राइव्हवर कोडमधून त्याच नावाने पुन्हा चढवले तर एकाच फोल्डरमध्ये दोन फाइली दिसतात. अ‍ॅमेझॉनच्या एस-३ मध्ये, आवृत्त्या जपायची सोय चालू नसेल, तर नवी फाइल जुनीवर मुकाट्याने बसते. कृती एकच, परिणाम दोन टोकांचे. आणि एजंटसाठी लिहिलेल्या वर्णनांत याचा उल्लेख क्वचितच सापडतो. एमसीपीत पुनरावृत्ती निर्धोक आहे का, साधन काही नष्ट करते का, हे सांगणाऱ्या खुणा आहेत. पण सर्व्हर विश्वासातला नसेल तर त्या खुणांवर भिस्त ठेवू नका, असे एमसीपीची संहिताच बजावते.

देवनागरीचा प्रश्न तर बहुतेकांच्या गावीही नाही. ‘सातबारा’ या नावात युनिकोडची सात चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे २१ बाइट होतात आणि वेबपत्त्यात टक्केचिन्हांसह लिहिले की ६३ अक्षरे. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी-४ फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची फार तर ८५ चिन्हे. सरकारी कागदांची लांबलचक नावे पाहिली तर ही अडचण काल्पनिक नाही. ‘नाव १०० अक्षरांपर्यंत’ असे लिहिणाऱ्याने अक्षरे मोजली की बाइट, हे सांगितलेले नसते.

सर्वांत गंभीर उणीव सुरक्षेची. ऑक्टोबर २०२५ मध्ये योहान रेबर्गर या सुरक्षा संशोधकाने दाखवले की दस्तऐवजात दडवलेल्या सूचनांमुळे अँथ्रॉपिकचा एआय सहायक क्लॉड वापरकर्त्याचा डेटा त्याच कंपनीच्या फाइल सेवेतून हल्लेखोराच्या खात्यात चढवू शकतो. पत्ता विश्वासातला होता, फक्त खाते परके होते. खासगी माहिती, बाहेरून आलेला मजकूर आणि बाहेर पाठवायची वाट या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की धोका, असे प्रोग्रामर सायमन विलिसन सांगत आले आहेत. अपलोडचे साधन म्हणजे नेमकी ती तिसरी वाट. वर्णनात कितीही इशारे लिहिले तरी ती बंद होत नाही, त्यासाठी कोडमध्येच कुलूप लागते. तरी फाइल कोणाच्या खात्यात जाईल, कोण पाहू शकेल आणि कोणाची परवानगी आधी घ्यायची, हे लिहिणे लेखकाचेच काम आहे.

एकूण निकाल असा की फाइल कशी चढवावी हे आज बरे लिहिले जाते. कधी चढवू नये आणि फसल्यावर काय करावे, हे फार वाईट. अशी साधने लिहिणाऱ्या मराठी अभियंत्यांना एकच विनंती: वर्णन प्रसिद्ध करण्याआधी एजंटकडून मर्यादेबाहेरची फाइल, लांब मराठी नावाची फाइल आणि अर्ध्यात तुटलेला अपलोड, हे तिन्ही करून घ्या आणि तो जिथे अडेल तिथली ओळ पुन्हा लिहा.