दानाआधीची खरेदी : लॉरन्स रॉकफेलर यांच्या निसर्गरक्षणाकडे पाहताना

आजचं बोलणं एका श्रीमंत घरच्या नातवाबद्दल आहे. लॉरन्स रॉकफेलर हे त्यांचं नाव. जन्म १९१० चा, मृत्यू २००४ चा. आजोबा म्हणजे स्टँडर्ड ऑइलचे संस्थापक जॉन डी. रॉकफेलर, वडील त्याच नावाचे धाकटे रॉकफेलर. सहा भावंडांत लॉरन्स चौथे. थोरले बंधू नेल्सन पुढे न्यूयॉर्कचे गव्हर्नर आणि अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले, धाकटे डेव्हिड मोठे बँकर झाले. त्या मानाने लॉरन्स यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. पण अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत फिरून आलेल्या पुष्कळ मराठी माणसांनी त्यांच्या घराण्याने दिलेल्या जमिनीवर पाय ठेवलेला असतो. त्यांना ते ठाऊक नसतं, इतकंच.

आम्ही या माणसाकडे वळलो ते एका पुस्तकाच्या नावामुळे. येल विद्यापीठातले इतिहासकार रॉबिन विंक्स यांनी १९९७ साली लॉरन्स यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि शीर्षकात त्यांना निसर्गरक्षणाचा ‘कॅटॅलिस्ट’ म्हटलं. कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक. आठवी-नववीचं रसायनशास्त्र आठवा. उत्प्रेरक प्रक्रियेला वेग देतो आणि शेवटी स्वतः मात्र होता तसाच शिल्लक राहतो. शीर्षकात हा शब्द गौरवाचा म्हणून आला आहे. आम्हाला त्यात गौरवाइतकीच टीका दिसते. जमीन वाचली, उद्यानं झाली, हे खरंच. पण परीक्षानळीत जे बाकीचे पदार्थ होते, त्यांना कुणी विचारलं होतं का? आणि उत्प्रेरक खरोखर होता तसाच राहिला का? आज एवढंच तपासायचं आहे.

आधी पैशाबद्दल थोडं बोलू, कारण त्यावाचून पुढचं कळत नाही. हा पैसा तेलाचा. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइलचे तुकडे केले, ते मक्तेदारीच्या आरोपावरून. १९१४ साली कोलोरॅडोत लडलो इथे संपावरच्या खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, सुमारे वीस माणसं गेली, त्यात लहान मुलं बरीच होती. त्या खाणकंपनीत वडील रॉकफेलरांचा मोठा हिस्सा होता. लॉरन्स तेव्हा चार वर्षांचेही नव्हते. त्यांच्यावर याचा दोष टाकता येत नाही. पण घरात पुढे जी शिस्त आली, पैन् पैचा हिशेब वहीत लिहायचा, ठरलेला भाग दानाला काढायचा, ती या काळातली आहे. भावंडं पॉकेटमनीचा हिशेब वडिलांना दाखवायची. नेल्सन आणि लॉरन्स यांनी लहानपणी ससे पाळले. आजोबांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या वैद्यकीय संशोधन संस्थेकडून जोडी आणली आणि पिल्लं वाढवून त्याच संस्थेला विकली. व्यवहार असा, की देणारेही आपलेच आणि घेणारेही आपलेच. हे ससे जरा लक्षात ठेवा.

आता वायोमिंगकडे वळू. यलोस्टोन उद्यानाच्या दक्षिणेला टीटॉन पर्वताची रांग आहे, तिच्या पायथ्याशी जॅक्सन होल नावाची दरी, मधून स्नेक नदी वाहते. १९२६ साली रॉकफेलर कुटुंब तिथे गेलं. लॉरन्स तेव्हा सोळा वर्षांचे. यलोस्टोनचे अधिकारी होरेस ऑल्ब्राइट यांनी त्यांना दरी दाखवली. डोंगर अप्रतिम, पण रस्त्याकडेला पेट्रोलपंप, नाचघरं आणि टेलिफोनच्या तारा. वडिलांच्या मनाने घेतलं, की ही दरी अशी नासू द्यायची नाही.

पुढे काय केलं ते नीट पाहा. १९२७ साली स्नेक रिव्हर लँड कंपनी नावाची एक कंपनी काढली. नावावरून कुणालाही वाटावं की गुराढोरांचा किंवा जमिनीचा धंदा करणारी असेल. एका स्थानिक बँकरला खरेदीसाठी नेमलं, आणि खरा खरेदीदार कोण हे त्यालाही सांगितलं नाही. दरीतले लहान लहान रँचवाले एकेक करून विकत गेले. कर्जात बुडालेले बरेच होते, त्यांना मिळालेला भाव वाईट नव्हता. १९३० साली खरं नाव जाहीर झालं तेव्हा दरी पेटली. आपल्याकडे रस्ता जाहीर होण्याआधी कुणीतरी येऊन सातबारे गोळा करून जातं, आणि नंतर गावाला कळतं, तसाच तो संताप. १९३३ साली सिनेटची चौकशी झाली. लबाडी निघाली नाही. भाव रास्त होता, कागद चोख होते. म्हणजे कायद्याने सगळं बरोबर, आणि तरीही गावाला फसवल्यासारखं वाटलं. या प्रसंगावर लिहिताना बऱ्याच जणांची गफलत इथे होते. ते म्हणतात, चौकशीत काही निघालं नाही, म्हणजे तक्रार खोटी. तक्रार भावाची नव्हतीच. आपल्या दरीचं पुढे काय होणार, या चर्चेत आपल्याला बसायला जागा नव्हती, ही ती तक्रार होती.

जमीन घेतली तरी सरकार ती स्वीकारेना, कारण वायोमिंगच्या नेत्यांचा विरोध. शेवटी १९४२ साली वडील रॉकफेलरांनी गृहखात्याचे मंत्री हॅरोल्ड इकिस यांना कळवलं की घ्यायची नसेल तर मी विकून टाकीन. १९४३ च्या मार्चमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी स्वतःच्या अधिकारात तिथे राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. मे महिन्यात रँचवाल्यांनी निषेध म्हणून पाच-सहाशे गुरं त्या जागेतून हाकली. सोबत वॉलेस बिअरी हा सिनेमातला नट घोड्यावर बसून. हे सगळं १९५० पर्यंत चाललं. त्या वर्षी ट्रूमन यांच्या सहीने दरी ग्रँड टीटॉन राष्ट्रीय उद्यानात आली. चराईचे जुने हक्क काही काळ राखले गेले, बुडालेल्या कराची भरपाई स्थानिक प्रशासनाला मिळाली. त्याआधी १९४९ च्या डिसेंबरमध्ये वडिलांच्या वतीने ३३ हजारांहून अधिक एकरांचा दस्त सरकारला देणारा हात लॉरन्स यांचा होता.

एक गोष्ट न सांगता पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. गुरं हाकणाऱ्यांत क्लिफर्ड हॅन्सन नावाचा तरुण रँचर होता. तो पुढे वायोमिंगचा गव्हर्नर आणि सिनेटर झाला, आणि त्या लढाईत आपण हरलो हे बरंच झालं, असं त्याने उघडपणे सांगितलं. मग मुद्दा संपला का? आम्हाला नाही वाटत. हॅन्सनकडे जमीन राहिली होती. आज त्या जिल्ह्यातली जवळजवळ ९७ टक्के जमीन सार्वजनिक किंवा संरक्षित आहे, उरलेल्या तुकड्याला सोन्याचा भाव आहे, आणि तो जिल्हा देशातल्या सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत विषम जिल्ह्यांत गणला जातो. हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या माणसाला तिथे घर परवडत नाही. समाजशास्त्रज्ञ जस्टिन फॅरेल यांनी २०२० मध्ये याच जिल्ह्यावर ‘बिलिअनेअर वाइल्डरनेस’ हे पुस्तक लिहिलं. दृश्य वाचलं, आणि दृश्याकडे तोंड करून राहण्याची ऐपत थोड्यांची झाली. हे रॉकफेलरांनी ठरवून केलं असं कुणीच म्हणणार नाही. पण खरेदीदाराला एक प्रश्न पडला, दरीला दुसरा पडला होता, आणि सुटला तो खरेदीदाराचा.

इथे आम्हाला विनोबा आठवतात. ओढूनताणून नव्हे, खरा धागा आहे. मॅगसेसे पुरस्कार १९५७ साली रॉकफेलर बंधूंच्या निधीतून सुरू झाला. लॉरन्स त्या निधीच्या संस्थापक भावांपैकी एक. आणि १९५८ साली लोकनेतृत्वासाठीचा पहिला पुरस्कार गेला तो आचार्य विनोबा भावे यांना, भूदानासाठी. गंमत बघा. एका बाजूला बिननावाच्या कंपनीमार्फत गपचूप जमीन घेणारं घराणं, दुसऱ्या बाजूला गावोगाव पायी जाऊन, भर सभेत, सगळ्यांच्या देखत जमीन मागणारा माणूस. पहिल्याच्या पैशातून दुसऱ्याचा सन्मान. आम्ही याचा उपयोग विनोबांना वर आणि रॉकफेलरांना खाली बसवायला करणार नाही, कारण ते खोटं होईल. भूदानात आलेली बरीच जमीन खडकाळ होती, बरीच वादातली, बरीच कागदावरच राहिली. टीटॉनची जमीन मात्र जागच्या जागी आहे, नदी वाहते आहे, हरणं येतात. उघडपणे मागितलेलं टिकलं नाही आणि लपून घेतलेलं टिकलं, ही अडचणीची गोष्ट आहे. ती अडचण आम्ही सोडवत नाही, समोर ठेवतो.

लॉरन्स यांच्या स्वतःच्या कामाकडे येऊ. ते नुसते दाता नव्हते. ईस्टर्न एअरलाइन्स, मॅकडोनेल विमानं, नंतर भावंडांसोबत व्हेनरॉक ही गुंतवणूक कंपनी. नव्या धंद्यात पैसा घालण्यात ते तरबेज होते. १९५८ साली आयझेनहॉवर यांनी त्यांना मैदानी करमणुकीच्या साधनांचा आढावा घेणाऱ्या आयोगाचं अध्यक्ष केलं. त्या आयोगाच्या अहवालानंतर १९६४ साली जमीन आणि पाणी संरक्षणाचा राष्ट्रीय निधी उभा राहिला, आणि १९६८ पासून त्यात समुद्रातल्या तेल-वायूच्या भाड्याचा पैसा येऊ लागला. तेलातून जमीन, हे घराण्याचं सूत्र सरकारचं सूत्र झालं. आमच्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हे, आणि त्यात दानाचा दिखाऊपणा सर्वांत कमी.

रेडवूडच्या बाबतीत मात्र त्यांची मध्यस्थाची सवय तोकडी पडली. कॅलिफोर्नियातली ती उंच झाडं वाचवताना सिएरा क्लबला रेडवूड क्रीकचं मोठं खोरं हवं होतं. लॉरन्स यांची भूमिका लाकूडकंपन्यांनाही चालेल अशा तडजोडीची होती. १९६८ साली ५८ हजार एकरांचं उद्यान झालं. वरच्या अंगाला तोड चालूच राहिली, गाळ खाली येऊ लागला, आणि १९७८ साली सरकारला आणखी ४८ हजार एकर घ्यावे लागले, तेही जबर किंमत मोजून. सगळ्यांशी सलोखा राखणारा माणूस नदीच्या उताराशी सलोखा करू शकत नाही.

टीटॉनमध्ये घराण्याचं स्वतःचं एक रँच होतं, जेवाय नावाचं, तळ्याकाठी. उरलेले १,१०६ एकर लॉरन्स यांनी २००१ साली उद्यानाला द्यायचं ठरवलं. देण्याआधी तिथली घरं, रस्ते, तारा काढून टाकायला लावल्या, जमीन पूर्ववत करायला लावली. २००७ साली हस्तांतर झालं, तेव्हा ते हयात नव्हते. आज तिथे मोटारी लावायला जागा मुद्दामच थोडी ठेवली आहे, पन्नासेक गाड्यांची. उत्प्रेरक तसाच राहतो म्हणतात ना? इथे तरी तो राहिला नाही. आपल्या घराण्याची घरं उचलून न्यायला माणूस तयार झाला. आम्हाला हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत चांगला निर्णय वाटतो, कारण यात त्यांनी दुसऱ्याचं नव्हे, स्वतःचं काही हलवलं.

आणि आता सेंट जॉन. कॅरिबियनमधलं हे बेट डेन्मार्कने १९१७ साली अमेरिकेला विकलं. तिथे उसाचे मळे होते, गुलाम होते, १७३३ साली मोठं बंड झालं होतं. गुलामगिरी गेल्यावर त्याच माणसांची नातवंडं-पतवंडं तिथे शेती, मासेमारी, कोळसा पाडणं यांवर जगत होती. १९५० च्या दशकात लॉरन्स यांनी तिथे पाच हजारांहून अधिक एकर जमवले आणि सरकारला दिले. १ डिसेंबर १९५६ ला व्हर्जिन आयलंड्स राष्ट्रीय उद्यानाचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी शेजारी कॅनील बे इथलं त्यांचं रिसॉर्टही उघडलं. ससे आठवले का? उद्यान दानाचं, आणि उद्यानालगतचं महाग हॉटेलही आपलंच. लॉरन्स यांना यात विसंगती वाटत नसे. सुंदर जागा जपायची आणि तिथे येणाऱ्यांची नेटकी सोयही करायची, अशी त्यांची धारणा होती. पाहुण्याच्या जागी उभं राहिलं तर ती पटते. बेटावर जन्मलेल्याच्या जागी उभं राहिलं तर नाही.

१९६२ साली वॉशिंग्टनमध्ये उद्यान वाढवण्याचं विधेयक आलं आणि त्यात खाजगी जमीन सक्तीने घेण्याची तरतूद होती. बेटावरच्या लोकांना हे कळलं तेव्हा ते उठले. थिओवाल्ड मूरहेड या स्थानिक लोकप्रतिनिधीने विरोध पुढे नेला, आणि ती तरतूद काढावी लागली. पणजोबाने गुलामगिरीतून सुटून मिळवलेला तुकडा समुद्राच्या देखाव्यासाठी द्यायचा नाही, असं एका छोट्या बेटाने सांगितलं. इथे तरी गावाला बसायला जागा मिळाली, पण ती मागून नव्हे, भांडून.

कॅनील बेची जागा लॉरन्स यांनी १९८३ साली उद्यानाला दिली, पण ४० वर्षं वापरण्याचा हक्क राखून. पुढे २०१७ च्या इर्मा वादळात रिसॉर्ट मोडकळीला आलं. मुदत ३० सप्टेंबर २०२३ ला संपली. त्या जागेचं काय करायचं, हे ठरवताना उद्यान सेवेने बेटावरच्या लोकांसाठी सभा ठेवल्या, मतं मागवली. हॉटेल हवं की नको, किनाऱ्यावर कुणी यायचं, नोकऱ्या कुणाला, जुन्या मळ्यांच्या भिंतींचं काय, यावर लोक बोलले.

बरं, वेळ झाली आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.