शाश्वतता विज्ञान : सिद्धांत आणि व्यवहार
(कुंडलिका नदीच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना :
१९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे 'शाश्वत विकास' ही संकल्पना जगभर रूढ झाली. २००१ मध्ये रॉबर्ट केट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात 'शाश्वतता विज्ञान' या ज्ञानशाखेची मांडणी करून तिच्यापुढील सात मूलभूत प्रश्न नोंदविले. निसर्ग व समाज यांचे परस्परसंबंध विशिष्ट स्थळी अभ्यासावेत आणि त्या अभ्यासात तेथील लोकांनाही स्थान असावे, हा या मांडणीचा गाभा होय. सिद्धांत म्हणून ही भूमिका मान्य होण्यासारखी आहे. तथापि 'स्थळा'ची सीमा कोणी आणि कोठे आखावयाची, या प्रश्नावर तिची खरी कसोटी लागते. रोहा व अष्टमी यांच्या मधून वाहणाऱ्या कुंडलिका नदीच्या आधारे ही कसोटी प्रस्तुत लेखात पाहिली आहे.

नदी एक, हिशोब अनेक :
कुंडलिकेतील बारमाही पाणी बव्हंशी तिचे स्वतःचे नाही. मुळशी येथे अडविलेले मुळा नदीचे पाणी भीमा व कृष्णा या नद्यांमार्गे बंगालच्या उपसागराकडे गेले असते. ते सह्याद्रीवरून खाली भिरा येथील वीजकेंद्रात आणले जाते आणि वीजनिर्मितीनंतर कुंडलिकेत सोडले जाते. हे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. खाली डोलवहाळ बंधाऱ्यावरून ते कालव्यांत जाते, कोलाडचे नौकानयन त्यावर चालते आणि पुढे अष्टमीच्या काठाला ते भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्यात मिसळते.

वीजकेंद्रापुरती सीमा आखली तर हा प्रकल्प कोळसा न जाळणारा, म्हणून शाश्वत ठरतो. सीमा घाटमाथ्यापर्यंत नेली की मुळशीतील बुडालेली गावे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सुरू झालेला सत्याग्रह हिशोबात येतो. सीमा रोह्यापर्यंत आणली की उन्हाळ्यात पाणी मिळालेला शेतकरी लाभाच्या बाजूस उभा राहतो. तिन्ही हिशोब खरे आहेत. परंतु ते एकत्र मांडण्याची जबाबदारी कोणत्याही एका खात्याकडे नाही.

मोजमापाची मर्यादा :
प्रदूषणाच्या बाबतीत हीच उणीव अधिक ठळक होते. रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे निश्चित केले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते व त्यांत कुंडलिकेचाही समावेश होता. ही निश्चिती 'बीओडी', म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, या निकषावर झाली. सांडपाण्यातील विघटनशील घटकांसाठी हा निकष उपयुक्त आहे. परंतु जड धातू किंवा सहजी न कुजणारी रसायने त्यातून समजत नाहीत. खाडीत मासेमारी करणाऱ्याचा प्रश्न मात्र जाळ्यात काय येते आणि ते खाण्याजोगे आहे काय, हा असतो. अधिकारी त्याचे ऐकूनही घेईल; पण तक्त्यात त्याच्या प्रश्नासाठी रकानाच नसेल, तर 'लोकसहभाग' हा शब्द केवळ औपचारिक ठरतो.

खारभूमीचा धडा :
याउलट खाडीकाठच्या खारभूमीत सीमा भरतीच ठरवीत असे. एकाचा बांध फुटला की शेजाऱ्याचेही भातखाचर खारे होई. त्यामुळे बांधाची जबाबदारी प्रत्येकाच्या शेतापुरती वाटून घेणे शक्यच नव्हते. १९४८ च्या व पुढे १९७९ च्या खारभूमी कायद्यांनी ही व्यवस्था शासकीय योजनेत आणली. निधी व यंत्रसामग्री यांच्या दृष्टीने ते इष्टच होते. परंतु दुरुस्तीचा निर्णय काठावरून कचेरीत गेला. अर्थात जुन्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणेही अनुचित होय. चरी येथील १९३३ च्या शेतकरी संपाने दाखवून दिले की, बांध सामाईक असला तरी पीक सामाईक नव्हते. म्हणून पारंपरिक ज्ञानाचा गौरव करतानाच त्या ज्ञानाचा लाभ कोणाला होत होता, हेही विचारावे लागते.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, सिद्धांत व व्यवहार यांतील दरी माहितीच्या अभावामुळे पडलेली नाही. ती हिशोबाच्या सीमा आधीच ठरल्यामुळे पडली आहे. या कामी महाविद्यालयांना निश्चित स्थान आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३ मध्ये पदवी स्तरासाठी तयार केलेल्या पर्यावरण अभ्यासक्रमात स्थानिक प्रदूषित स्थळास भेट देण्याची तरतूद होती. अशी भेट एका दिवसाच्या अहवालात संपते, तेव्हा विद्यार्थी सिद्धांताची केवळ नक्कल करतो. त्याऐवजी अष्टमीच्या काठावर भरती-ओहोटीच्या वेळांनुसार वर्षभर नोंदी ठेवल्या आणि कोणत्या नोंदी ठेवावयाच्या हे मच्छीमार व शेतकरी यांच्याशी बोलून ठरविले, तर तक्त्यातील रकाना प्रथमच काठावरून आखला जाईल. शाश्वतता विज्ञानाचा आरंभ अशा रकान्यापासून व्हावयास हवा.