बागुलबुवा कुणाच्या हातात?

मंडळी, आयोजकांनी विषय दिलाय तो मोठा आहे. मुलांची चित्रपुस्तकं, नाटकं, कविता, आणि त्यात पुन्हा किशोरवयीन मुलंही आली. एका संध्याकाळी हे सगळं उरकायचं म्हटलं तर नुसती नावांची यादी होईल, आणि यादी ऐकायला धामापुरात कुणी येत नाही. तेव्हा आम्ही त्यातला एकच धागा धरणार आहोत. तो धागा म्हणजे भीती. मराठी बालसाहित्यानं भीतीचं काय केलं, कुठे तिला घरात घेतलं आणि कुठे दार लावून बाहेर ठेवलं, एवढंच आज पाहू.

इथून उठून चार पावलं गेलं की भगवतीचं देऊळ आणि तळं. या तळ्याची दागिन्यांची गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घरात लग्न निघालं की फुलांचे दागिने करून तळ्यात सोडायचे, देवी सोन्याचे दागिने द्यायची, कार्य झालं की परत करायचे. मग एकानं परत केले नाहीत आणि देवीनं देणं बंद केलं. आता मोठी माणसं ही गोष्ट सांगतात तेव्हा शेवटी थांबत नाहीत. ‘म्हणून लोभ करू नये’ हे शेपूट लावतातच. पण मूल काय विचारतं? ‘मगे ते दागिने आता खय आसत? पाण्याखाली? आणि ते राखता कोण?’ मुलाचं सगळं लक्ष त्या काळ्या पाण्याखाली काय आहे तिकडे. लोभाशी त्याला काही देणंघेणं नाही, त्याच्या नावावर सात-बारासुद्धा नसतो. (हशा) आमच्या मते आपल्या बालसाहित्याची अर्धी चर्चा या एका गोष्टीत आहे. मोठ्यांना तात्पर्य हवं असतं आणि मुलाला पाण्याखालचं हवं असतं. पुस्तक विकत घेतात मोठी माणसं, त्यामुळे बहुतेक वेळा तात्पर्य जिंकतं.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून दोन जुन्या माणसांची साक्ष काढतो. प्लेटोनं ‘रिपब्लिक’मध्ये आयांना आणि दायांना बजावलं आहे की देव वेष पालटून रात्री हिंडतात असल्या गोष्टी सांगून मुलांना भित्री करू नका. परलोकाची भेसूर वर्णनं करणाऱ्या कवींच्या ओळीही त्याला खोडायच्या होत्या. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल उलट दिशेनं गेला. शोकांतिका पाहताना भीती आणि करुणा जागी होते, आणि तिचं काहीतरी शोधन होतं, असं तो म्हणाला. आजचे पालक बहुतेक प्लेटोच्या बाजूचे आहेत, नाव माहीत नसलं तरी.

आता गंमत बघा. ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत कुणी आणलं? विंदा करंदीकरांनी. देवगड तालुक्यातल्या धालवलीचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला माणूस. ‘अष्टदर्शने’त देकार्त, स्पिनोझा, कांट यांच्यापासून चार्वाकापर्यंत आठ तत्त्वज्ञ त्यांनी कवितेत बसवले. आणि याच माणसानं 1961 साली ‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’, 1963 साली ‘एटू लोकांचा देश’ आणि 1981 साली ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ लिहिली. समीक्षकांनी या दोन विंदांची भेट फारशी घडवून आणलेली नाही. ज्ञानपीठाच्या वेळी ‘अष्टदर्शने’वर सगळे बोलले आणि बालकविता म्हणजे मोठ्या कवीचा विरंगुळा, असं एका वाक्यात आटोपलं. आम्हांला हे मान्य नाही. ‘एटू लोकांचा देश’ म्हणजे जगाची रीत अशीच का, दुसरी का नाही, हा प्रश्न आहे. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आम्ही हाच प्रश्न विचारत होतो, फक्त कंटाळवाण्या भाषेत.

पिशीमावशीकडे जरा थांबू. ‘पिशी’ हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. पिसो, पिशी. गावात एखादी असतेच, जिच्या दारावरून जाताना पोरं पाय उचलतात. तिला विंदांनी मावशी केली. भुताळी बाई नात्यात आणून बसवली! मावशी म्हटल्यावर ती परकी उरत नाही, पिशी असल्यामुळे ती घरचीही होत नाही. मूल त्या उंबऱ्यावर उभं राहतं आणि तिथे त्याला सगळ्यांत जास्त मजा येते. दुसरं म्हणजे छंद. भुतांचा हा सगळा कारभार ठेक्यात चालतो. आमच्या परड्याला जसा चिऱ्यांचा गडगा, तसा भीतीला छंद. गडग्यापलीकडे काय वाटेल ते असो, मूल गडग्यावर बसून पाय हलवत बघतं. यमक वेळेवर येणार याची त्याला खात्री असते, म्हणून भूत वेळेवर आलं तरी चालतं. मुक्तछंदात लिहिलेल्या भुताच्या कवितेला लहान मूल खरोखर घाबरेल, असं आमचं मत आहे. त्यावर कुणाला वाद घालायचा असेल तर नंतर घालू.

नाटकात हेच काम कोण करतं? आपल्याकडे जत्रेतला दशावतार करतो. त्याला बालनाट्य कुणी म्हणत नाही, पण पुढच्या रांगेत घोंगडीवर कोण बसलेलं असतं? सुरुवातीच्या भागात काळ्या वेशातला संकासुर येतो. वेद चोरणारा राक्षस तो. इतर पात्रं शुद्ध पुस्तकी बोलतात आणि हा मालवणीत बोलतो. देवांची भाषा शाळेतली आणि राक्षसाची भाषा घरातली! पोरं आधी दचकतात, मग हसून लोळतात, कारण हा राक्षस त्यांच्या आजोबांसारखं बोलत असतो. त्या हसण्यात भीती संपत नाही. दुसऱ्या दिवशी तीच पोरं परड्यात संकासुर होऊन नाचतात, म्हणजे भीती आता त्यांच्या मालकीची झालेली असते.

मुंबईत 1959 साली सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ केलं, तेव्हा चेटकिणीचं काम बाईंनी स्वतः केलं. संस्थेची प्रमुख, दिग्दर्शिका, आणि राजकन्या व्हायचं सोडून चेटकीण होते, यातच त्यांची समज दिसते. पुढे मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त दिलीप प्रभावळकर चिंची चेटकीण झाले. पुरुषानं केलेली बाई, तीही चेटकीण. दशावतार पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. 2018 साली हे नाटक पुन्हा रंगमंचावर आलं, वैभव मांगले चिंची झाले, आणि पुन्हा गर्दी झाली. ‘आजच्या मुलांना मोबाइलपुढे काही नको’ हे रडगाणं गाणाऱ्यांनी त्या गर्दीचं उत्तर द्यावं. त्या मुलांना चेटकीण हवी होती आणि ती अंधाऱ्या थिएटरात, आई शेजारी असताना हवी होती.

आता आक्षेप. तो खरा आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. कोकणात भूत हा नुसता कवितेचा विषय नाही. देवचार, भानामती, गाऱ्हाणी, कौल, यांत माणसं अजून पैसा आणि आयुष्य घालवतात. दाभोलकरांचा खून झाला त्याच 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. अशा प्रदेशात मुलांच्या हातात भुतांच्या कविता द्यायच्या का, असं एखादे विज्ञानाचे गुरुजी विचारतात, तेव्हा त्यांना जुनाट म्हणून उडवून लावता येत नाही.

पण भीती कोण वापरतं, हे पाहिलं पाहिजे. ‘थय जाव नको, बागुलबुवो येतलो’ असं आई म्हणते तेव्हा भीती आईच्या हातात असते आणि मूल तिच्या टोकाला बांधलेलं असतं. प्लेटोची तक्रार याच वापराबद्दल होती, आणि तेवढ्यापुरता तो बरोबर आहे. विंदांच्या एका बालकवितासंग्रहाचं नाव ‘बागुलबोवा’च आहे. पुस्तकातला बागुलबोवा मुलाच्या हातात असतो. हवं तेव्हा उघडावा, नको तेव्हा मिटावा, पुन्हा उघडून अजून तिथेच आहे का ते पाहावं. जो मुलगा कागदावरचं भूत शंभरदा मिटून उघडून बसलाय, त्याला पुढे मांत्रिक गंडवायला आला तर ‘हा कुणाच्या हातातला बागुलबोवा?’ असं विचारायची थोडी तरी सवय असेल. सिद्ध झालेली गोष्ट म्हणून हे आम्ही सांगत नाही, युक्तिवाद म्हणून सांगतो.

‘श्यामची आई’ इथे आठवते, तेही कोकणातलंच पुस्तक. पोहायला जायची भीती वाटते म्हणून श्याम लपून बसतो आणि आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. पाण्याची ती भीती साने गुरुजींनी इतकी खरी लिहिली आहे की वाचताना पोटात गोळा येतो. मग मागून शिकवण येते. ती नसती तरी प्रसंग उभा राहिला असता. गुरुजी थोर लेखक होते, पण आपल्याच गोष्टीवर त्यांचा पुरता भरवसा नव्हता. त्यांच्या नंतरच्यांनी गोष्ट सोडली आणि शिकवण तेवढी घेतली, हे जास्त वाईट झालं.

चित्रांबद्दल. चित्रपुस्तक ही परदेशी वस्तू, असं समजणाऱ्यांनी कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन यावं. ठाकर समाजाचे चित्रकथी सुट्या कागदांवरची चित्रं एकामागून एक समोर धरतात आणि गाऊन रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली ती ही कला टिकवल्याबद्दल. तिथे राक्षस समोर किती वेळ ठेवायचा हे सांगणाऱ्याच्या हातात असतं. छापील चित्रपुस्तकात ते वाचणाऱ्याच्या हातात येतं, आणि पान उलटणं ही धीराची गोष्ट होते. मॉरिस सेंडाकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ 1963 सालचं, म्हणजे एटू लोकांच्याच वर्षाचं. त्यात राक्षसांचा धिंगाणा ऐन रंगात येतो तिथे शब्द थांबतात, सलग पानं नुसती चित्रं. कवीला जे छंदानं साधतं ते इथे शब्द गप्प राहिल्यानं साधलं आहे.

मराठीत चित्र आणि शब्द यांची कामं वेगळी आहेत हे ज्यांनी नीट ओळखलं, त्यांत माधुरी पुरंदरे पहिल्या. ‘राधाचं घर’मध्ये मजकूर थोडका आहे, घर चित्रात आहे. उपदेश नाही, बोबडं बोलणं नाही, मूल जसं बघतं तसं बघणं आहे. 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला तो योग्यच. तरी एक गोष्ट म्हणावीशी वाटते. त्यांचं हे घर फार उजेडाचं आहे. माळ्यावर काय आहे, हे राधानं अजून पाहिलेलं नाही. त्यांचा हा दोष धरू नये, लेखक आपल्या स्वभावाचं लिहितो. पण त्यांच्यामागून येणाऱ्यांनी तो उजेडच नियम मानला, आणि आता दुकानात पुस्तकं दिसतात ती सगळी दिवसाची. रात्रीचं पुस्तक शोधावं लागतं.

किशोरांचं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून चालू आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून सायकलवरून उतरलेला नाही. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची भीती चोर-दरोडेखोरांची नसते. स्वतःच्या शरीराची, वर्गात हसं होण्याची, आवडत्या मुलीनं बघितलं तर काय आणि नाही बघितलं तर काय, याची असते. ती मराठीत उत्तम लिहिली गेली, प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथांत आणि मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त. दोन्ही मोठ्यांसाठी लिहिलेली. मुलांनी ती आपली आपण मोठ्यांच्या कपाटातून काढून वाचली. गावच्या वाचनालयात ‘शाळा’ कुठल्या कपाटात ठेवायची, हा प्रश्न इथेही कुणाला तरी पडला असेल. खालच्या फळीवर ठेवा, हात पोचेल अशी. कुणी नेली हे वहीत लिहा, पण का नेली ते विचारू नका.