घुमटाखालचे ‘आपले पूर्वज’

नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात १९९७ पासून तारांगण आहे. खापरखेड्याहून ते वीसेक किलोमीटरवर. तरी आमच्याकडच्या कित्येक पोरांना ते लांबच. अलीकडे हवा भरून उभारायचा फिरता घुमटच शाळेच्या आवारात येतो, आणि आकाशाबरोबर प्राचीन खगोलज्ञानाचा इतिहासही दाखवतो. असा एक खेळ मी शाळकरी मुलांत बसून पाहिला. त्याची समीक्षा करणे मला आवश्यक वाटते, कारण मुले हा इतिहास पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवतात.

चांगले ते आधी नोंदवतो. औष्णिक वीज केंद्राच्या दिव्यांनी आणि धुराने आमच्या गावाला रात्रीचे आकाश ठेवलेले नाही. ज्यांच्या बापांनी कोळसा आणि राख उपसून शहरांना उजेड दिला, त्यांच्या पोरांनी आकाशगंगा पहिल्यांदा पाहिली ती कापडी घुमटात. पोरे एकदम गप्प झाली. हे यश लहान नाही.

खोट आहे ती निवेदनात. आपल्या पूर्वजांनी ग्रहगती ओळखली, आपल्या ऋषींनी ग्रहणे वर्तवली, असे ते सारखे सांगते. कोणाचे पूर्वज? माझ्या शेजारी बसलेल्या पोरांच्या पूर्वजांना विद्या कानावर पडू देणेसुद्धा पाप ठरवले होते. याच नागपूर जिल्ह्यात, रामटेकला शंबूकाचा वध झाला अशी स्थानिक परंपरा सांगते. त्याचा गुन्हा, शूद्र असून तप केले. ज्ञान कोणी मिळवले हे सांगायचे आणि कोणाला मिळू दिले नाही हे गाळायचे, असा इतिहास म्हणजे प्रस्थापितांच्या नावाचा सातबारा. घरात पहिल्यांदा पदवी घेतलेल्या माझ्यासारख्याला तो उतारा लगेच वाचता येतो; सातवीतल्या मुलाला येत नाही.

शिवाय हे पूर्वज एकमताचे होते असा भास निर्माण केला जातो. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे मांडले. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने त्याचे खंडन केले. निवेदनात दोघांचीही एकाच ताटात आरती. तो वाद दाखवला असता तर मुलांना विज्ञान दिसले असते.

मेघनाद साहांचा उल्लेखही नाही. १८९३ साली ढाक्याजवळच्या खेड्यात, हलक्या मानलेल्या जातीतल्या गरीब दुकानदाराच्या घरी ते जन्मले. कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांना पंगतीला घेतले नाही. त्याच साहांनी १९२० मध्ये मांडलेल्या समीकरणामुळे ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याचे तापमान काढता येऊ लागले. १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीचेही ते अध्यक्ष. सूर्य उत्तरेकडे वळतो २२ डिसेंबरला, आणि संक्रांत होते १४ जानेवारीला. हा २३ दिवसांचा फरक समितीने देशापुढे ठेवला. घुमटात तो दोन मिनिटांत दाखवता येईल. तो गाळला जातो याचे कारण मला एकच दिसते: पंचांगाला हात लागतो.

तारांगणाचे यंत्र मागाल त्या तारखेचे आकाश उभे करते. १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची संध्याकाळ मागून पाहा. अशोक विजयादशमी, दशमीचा चंद्र, त्याच्या पूर्वेला तांबडा, ठळक मंगळ. त्याच सप्टेंबरात तो पृथ्वीच्या फार जवळ येऊन गेला होता. ज्या मंगळाच्या नावाने मुलींची लग्ने अडवतात, तो त्या संध्याकाळी धम्मदीक्षा घेतलेल्या लाखोंच्या डोक्यावर होता आणि कोणाचेही काही बिघडले नाही. इतिहासाचा असा खेळ मला अजून कुठे दिसलेला नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी चालकाकडे ही तारीख जरूर मागावी. निवेदन ध्वनिमुद्रित असते. तेवढी दहा मिनिटे ते बंद ठेवून आपणच बोलावे लागेल.