ग्रंथाची किल्ली कोणाच्या हातीं?

इंग्लंडांतील हेरेफर्ड येथील कॅथीड्रलमध्यें जुन्या ग्रंथांचा एक संग्रह आहे. तेथील ग्रंथ लोखंडी सांखळ्यांनीं कपाटाला जखडलेले असून आजही ते तसेच पाहावयास मिळतात. ग्रंथ चोरीस जाऊं नये, एवढाच त्या सांखळीचा हेतु. दालनांत येऊन बसलेल्या वाचकाला ती आडकाठी करीत नसे. सध्यां संगणकावर वाचावयाच्या पुस्तकांनाही सांखळी घालण्याची चाल पडली आहे. ती या जुन्या सांखळीशीं ताडून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नव्या सांखळीची घडण अशी : पुस्तकाचा मजकूर सांकेतिक रूपांत गुंतवून ठेवितात आणि तो उलगडण्याची किल्ली विशिष्ट संगणकाच्या ओळखखुणांशीं, म्हणजे त्याच्या डिस्कच्या किंवा अन्य भागांच्या क्रमांकांशीं, बांधून टाकितात. पुस्तकाची नक्कल दुसऱ्या संगणकावर नेली तर किल्ली लागत नाहीं. पण डिस्क बिघडून बदलावी लागली, तर मालकाचाच संगणक परका ठरतो आणि विक्रेत्याकडे नवी किल्ली मागण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. कांहीं ठिकाणीं किल्ली संगणकाऐवजीं ग्राहकाच्या खात्याशीं बांधलेली असते. तेथेंही किल्लीदार दूरच बसलेला असतो.

प्रकाशकांचा पक्ष टाकाऊ नाहीं. छापील पुस्तक दुसऱ्यास दिलें म्हणजे देणाऱ्याचा हात रिकामा होतो. संगणकावरील पुस्तक दिलें तर मूळ प्रत जागच्या जागीं राहून नवी प्रत निर्माण होते, आणि तीही विनाखर्च. ग्रंथकाराच्या श्रमाचें मोल बुडूं नये, ही इच्छा न्याय्यच आहे. आमचा आक्षेप पहाऱ्याला नाहीं. पहारेकरी निघून गेला असतां ग्रंथही त्याच्याबरोबर जातो, याला आहे.

ही भीति काल्पनिक नव्हे. २००९ च्या जुलैंत ॲमेझॉननें जॉर्ज ऑर्वेलचीं ‘१९८४’ व ‘ॲनिमल फार्म’ हीं पुस्तकें, तीं विक्रीस ठेवणाऱ्याला हक्क नव्हता म्हणून, ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतलीं. पैसे परत केले आणि पुढें माफीही मागितली. २०१९ च्या एप्रिलांत मायक्रोसॉफ्टनें आपलें पुस्तकांचें दुकान मिटविलें, आणि त्याच वर्षीं जुलैंत तेथून विकत घेतलेलीं पुस्तकें उघडेनाशीं झालीं. किंमत परत मिळाली. ज्यांनीं पुस्तकांत टिपणें केलीं होतीं त्यांच्या नांवें आणखी २५ डॉलर जमा झाले. हिशेब चोख झाला खरा. परंतु समासांत लिहिलेल्या विचारांचें मोल दुकानदारानें ठरवावें आणि वाचकानें तें मुकाट्यानें घ्यावें, हा कसला सौदा?

आपल्याकडील १९५७ च्या कायद्याप्रमाणें ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं त्याचा ग्रंथ सर्वांचा होतो. कुलपाला हें पंचांग ठाऊक नाहीं. २०१२ च्या दुरुस्तीनें घातलेल्या ६५अ कलमान्वयें हक्कभंगाच्या हेतूनें असें कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊं शकतो. मात्र कायद्यानें स्पष्टपणें मना न केलेल्या कामासाठीं तें उघडण्यास तेथें सवलत आहे. वाट आहे, पण ती चालण्याचें साधन सामान्य वाचकापाशीं नाहीं.

मग उपाय काय? टॉर या इंग्रजी प्रकाशनसंस्थेनें २०१२ सालीं आपल्या पुस्तकांचीं कुलुपें काढलीं, आणि तिच्या ब्रिटनमधील शाखेनें वर्षभरानंतर चोरी वाढल्याचें दिसत नाहीं असें जाहीर केलें. एका संस्थेचा अनुभव सर्वांस लागू पडेलच असें नव्हे. ज्यांना कुलूप हवेंच असेल त्यांनीं तें खुशाल घालावें; परंतु दुकान मिटवितांना किंवा हक्काची मुदत संपतांच किल्ली वाचकाच्या स्वाधीन करण्याचें वचन विक्रीच्या वेळींच द्यावें.

आपल्या घरोघरीं आजोबांचें एखादें पुस्तक असतें. पहिल्या पानावर त्यांची सही, आंत पेन्सिलीच्या खुणा. नातवाला तें वाचतांना कोणाची परवानगी लागत नाहीं. हेरेफर्डच्या सांखळीनें ग्रंथ पुढील पिढ्यांसाठीं राखले. आजच्या सांखळीनेंही तेवढें केलें, तरच तिला संरक्षण म्हणतां येईल.